यात्रा आणि येरझार : वार्धक्य, कुटुंब आणि प्रवास ह्यांचा एक तौलनिक विचार

१

मराठीत ‘येरझार’ हा शब्द दोन ठिकाणी भेटतो. संतवाङ्मयात जन्ममरणाच्या फेऱ्याला येरझार म्हटले आहे. आणि नित्याच्या व्यवहारात, एकाच कामासाठी एखाद्या कचेरीत पुन्हा पुन्हा जावे लागले म्हणजे ‘येरझारा घालाव्या लागल्या’ असे म्हणतात. दोन्ही अर्थांत एक गोष्ट समान आहे. जाणारा स्वतःच्या इच्छेने जात नाही; जाण्याने काही पूर्णही होत नाही. ‘यात्रा’ हा शब्द नेमका ह्याच्या उलट टोकाला उभा आहे. यात्रेला संकल्प असतो, ठरलेले स्थान असते, आणि परतल्यावर मावंदे घालून ती पूर्ण झाल्याचे चारचौघांत सांगितले जाते. जन्ममरणाची येरझार चुकावी म्हणूनच यात्रा करावयाची, अशी परंपरेची धारणा आहे.

वृद्ध माणसाच्या प्रवासाचा विचार करताना ह्या दोन शब्दांतील अंतर फार उपयोगी पडते. एके काळी वार्धक्य आणि प्रवास हे शब्द एकत्र आले म्हणजे मनात काशी-रामेश्वर उभे राही. आज ते एकत्र आले म्हणजे पुष्कळदा मनात येते ते थोरल्या मुलाचे घर, धाकट्याचे घर, मुलीचे बाळंतपण, नातवाची शाळा आणि ह्या ठिकाणांना जोडणारे आगगाडीचे तिकीट. माणूस हिंडतोच आहे. किंबहुना पूर्वीच्या वृद्धापेक्षा अधिक हिंडतो आहे. प्रश्न एवढाच की, ह्या हिंडण्याला यात्रा म्हणावे की येरझार? प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नाचा विचार मराठी आणि तमिळ प्रदेशांतील काही कृती व संस्था ह्यांच्या आधारे केला आहे. वृद्धाचे स्वास्थ्य प्रवासाच्या अंतरावर किंवा वारंवारतेवर अवलंबून नसते. प्रवास कोणी ठरविला आणि परतण्यासाठी स्वतःची जागा उरली आहे की नाही, ह्या दोन गोष्टींवर ते अवलंबून असते, असे ह्या विवेचनाचे सूत्र आहे.

दोन्ही प्रदेश एकत्र पाहण्यासाठी चेन्नईचे अंबत्तूर हे उपनगर सोयीचे स्थान आहे. दक्षिण भारतातील पहिला लोहमार्ग १ जुलै १८५६ रोजी रायपुरमपासून वालाजा रोडपर्यंत सुरू झाला, तो अंबत्तूरच्या भूमीवरून गेला. पुढे हाच मार्ग अरक्कोणम, रेणिगुंटा, गुंतकल असा रायचूरला पोहोचला आणि १८७१ मध्ये तेथे मुंबईकडून आलेल्या मार्गाला मिळाला. पुण्या-सोलापूरहून ह्या मार्गाने चेन्नईला जाणारा प्रवासी आजही अंबत्तूर ओलांडूनच शहरात शिरतो. ह्याच मार्गावर तिरुवळ्ळूर आहे, तिरुत्तणीस आणि तिरुपतीस जाणारी वाटही हीच. म्हणजे अंबत्तूर हे मुळात यात्रेच्या वाटेवरील गाव. त्याचे आजचे रूप मात्र यात्रेने घडविलेले नाही. १९४९ मध्ये येथे सायकलींचा मोठा कारखाना निघाला. साठच्या दशकात औद्योगिक वसाहत उभी राहिली. २०११ मध्ये अंबत्तूर चेन्नई महानगरपालिकेत सामील झाले. कामासाठी आलेल्या तरुणांनी वसविलेले हे उपनगर आहे. जे त्या वेळी तरुण होते, ते आता आजोबा झाले आहेत.

२

धर्मशास्त्राने वार्धक्याची कल्पनाच एका प्रस्थानाच्या रूपात केली. अंगावर सुरकुत्या पडल्या, केस पिकले आणि मुलाला मूल झालेले पाहिले, म्हणजे गृहस्थाने अरण्याची वाट धरावी, असे मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. नातवाचा जन्म हे तेथे घर सोडण्याचे निमित्त आहे. आज नातवाचा जन्म हे आजी-आजोबांना मुलाच्या घरी बोलावून घेण्याचे निमित्त ठरते, हा फरक लक्षणीय आहे. अर्थात सर्वसामान्य गृहस्थ अरण्यात कधीच गेला नाही. त्याने वानप्रस्थाच्या जागी तीर्थयात्रा स्वीकारली, आणि तीही पुष्कळांच्या बाबतीत मनातच राहिली. ‘काशीस जावे नित्य वदावे’ ही म्हण त्याचीच साक्ष देते.

जे स्वतः जाऊ शकत नव्हते त्यांच्यासाठी कुटुंबाने एक मार्ग काढला होता. त्याचे सर्वांत हृद्य उदाहरण विष्णुभट गोडसे ह्यांच्या ‘माझा प्रवास’ ह्या ग्रंथात आहे. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक १८५७ मध्ये घरचे कर्ज फेडण्यासाठी उत्तरेकडे निघाला. बायजाबाई शिंदे ह्यांच्या मथुरेतील यज्ञाची वार्ता कानी आली होती आणि दक्षिणेची आशा होती. वाटेत तो बंडाच्या धामधुमीत सापडला, झाशीचा पाडाव त्याने पाहिला, मिळविलेले द्रव्य लुटले गेले. १८८३ मध्ये लिहिलेली ही हकीगत चिंतामण विनायक वैद्य ह्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदार ह्यांनी १९६६ मध्ये तिची आवृत्ती सिद्ध केली. अभ्यासकांनी हा ग्रंथ बहुधा १८५७ चा साक्षीदार म्हणून वाचला आहे. कुटुंबाच्या दृष्टीने वाचला तर त्याचा कळस झाशीला नसून वरसईला आहे. विष्णुभटाने गंगेची कावड खांद्यावर वाहून आणली आणि त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घातले. द्रव्य गेले, गंगा आली.

येथे प्रवास मुलाने केला आणि यात्रा आईवडिलांची झाली. ही गोष्ट केवळ भाविकपणाची नाही. वृद्धांनी जागा सोडलेली नाही, तीर्थच त्यांच्या दारी आले आहे, आणि मुलाच्या तारुण्यातील पायपीट त्यांच्या वार्धक्याच्या खात्यावर जमा झाली आहे. पुढच्या काळात ही दिशा कशी उलटली, ते पुढे दिसेल.

३

तंजावरच्या मराठी राज्यात (सुमारे १६७६ ते १८५५) यात्रेला दुसरे एक अधिष्ठान मिळाले. सरफोजीराजे दुसरे ह्यांनी १८२० च्या सुमारास प्रयाग, काशी आणि गया ह्या त्रिस्थळीची यात्रा केली. बरोबर सुमारे तीन हजारांचा परिवार होता. ह्या यात्रेचे वर्णन ‘त्रिस्थळी यात्रेच्या लावण्या’ ह्या तंजावरी मराठी रचनेत आले असून सरस्वती महाल ग्रंथालयाने ती प्रकाशित केली आहे. लावणीसारखा प्रकार तीर्थवर्णनाकडे वळावा, हे वाङ्मयप्रकारांच्या अभ्यासकांना विचार करावयास लावणारे आहे.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने राजाच्या यात्रेपेक्षा रामेश्वरच्या वाटेवरील छत्रे अधिक महत्त्वाची आहेत. काशीची गंगा रामेश्वरास न्यावी आणि सेतूची वाळू काशीस आणावी, ह्या संकेतामुळे तंजावरचा मुलूख हा अखिल भारतीय यात्रेचा रस्ताच होता. त्या रस्त्यावर राजघराण्याने छत्रे बांधली; ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्र हे त्यांपैकी प्रसिद्ध आहे. १८०१ मध्ये सरफोजीराजांनी इंग्रज रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात ह्या छत्रांचे जे वर्णन आहे, त्यात सर्व जातींच्या वाटसरूंना अन्न, आजाऱ्यांना वैद्य आणि औषध, पुढे जाण्यास असमर्थ असलेल्यांना आसरा, असा तपशील आढळतो. यात्रेत माणूस थकणार, आजारी पडणार, हे येथे गृहीत धरले आहे. कुटुंब मागे राहिले तरी वाटेवर कोणीतरी असेल, ही हमी संस्थेने दिली होती. वृद्धाचे स्वातंत्र्य केवळ त्याच्या पायांतील बळावर उभे राहत नाही, वाटेवरच्या ओसरीवरही उभे राहते, ही जाण त्या व्यवस्थेत आहे.

पंढरीच्या वारीतही हीच जाण निराळ्या रूपात दिसते. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरांचे अंतर वारकरी जवळजवळ तीन आठवड्यांत चालतात. पालखीत वृद्धांचा भरणा मोठा असतो, आणि त्यांना चालविते ती दिंडी. पडशी गाडीत, जेवण दिंडीत, मुक्काम ठरलेला, आणि शेजारी चालणारा गावचाच. इरावती कर्वे ह्यांनी ‘परिपूर्ती’तील ‘वाटचाल’ ह्या लेखात ह्या समूहाचे, त्यातील जातीच्या भिंतींसह, जे निरीक्षण केले आहे, ते आजही वाचावे असे आहे. ‘वारी’ ह्या शब्दातच पुनरावृत्ती आहे, तेव्हा तीही एक प्रकारची येरझार नव्हे काय, असा प्रश्न येथे उभा राहतो. फरक असा की, वारकरी दरवर्षी त्याच वाटेने जातो तो स्वतः माळ घातली म्हणून, आणि द्वादशीनंतर परततो तो स्वतःच्या उंबऱ्यावर. पुनरावृत्तीने येरझार होत नाही, पराधीनतेने होते.

यात्रेचे चित्र मात्र एकरंगी रंगवू नये. काशीवास हा काहींनी आनंदाने पत्करलेला शेवटचा मुक्काम होता, तसाच तो अनेक विधवांच्या बाबतीत घरातून दूर करण्याचा सभ्य उपायही होता. त्यांना जाण्याचे भाडे दिले गेले, परतीचे नाही. म्हणून प्रवासाला ‘यात्रा’ हे नाव दिल्याने तो यात्रा ठरत नाही. परतीचा अधिकार ही त्याची खरी कसोटी होय.

४

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नागर साहित्याने वार्धक्याचा प्रश्न हाती घेतला तेव्हा प्रवासाचे रूप पालटले होते. वि. वा. शिरवाडकर ह्यांचे ‘नटसम्राट’ २३ डिसेंबर १९७० रोजी रंगभूमीवर आले. गणपतराव बेलवलकर आपली मिळकत मुलांना वाटून टाकतात, आणि तेथून त्यांचा व कावेरीचा प्रवास सुरू होतो : मुलाचे घर, मग मुलीचे घर, मग रस्ता. शेक्सपियरच्या लिअर राजाशी ह्या नाटकाचे नाते सर्वपरिचित आहे; पण त्या नात्यातील एका धाग्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. लिअर राज्य वाटून देतो तेव्हा एक महिना एका मुलीकडे, एक महिना दुसरीकडे, अशी अट घालतो. त्याच्या शोकांतिकेचे बीज राज्यत्यागाइतकेच ह्या पाळीतही आहे. ज्याला स्वतःचे घर नाही तो कितीही मोठा असला तरी पाहुणाच, आणि पाहुण्याच्या मुक्कामाचे दिवस घरधनी मोजतो. शिरवाडकरांनी लिअरचे शंभर सरदार गाळले, पाळीचे दुःख तेवढे ठेवले. मध्यमवर्गीय मराठी प्रेक्षकाला राजा परका होता, पाळी परकी नव्हती.

जयवंत दळवी ह्यांच्या ‘संध्याछाया’ ह्या सत्तरच्या दशकातील नाटकात चित्र उलटे आहे. नाना आणि नानी कोठेच जात नाहीत. प्रवास मुलांचा आहे : एक अमेरिकेत, दुसरा सैन्यात. विष्णुभटही दूर गेला होता. पण त्याच्या जाण्याला कावडीसह परतणे जोडलेले होते. नाना-नानींचा एक मुलगा परतत नाही, दुसरा परतू शकत नाही. घर आहे, ते स्वतःचे आहे, परंतु त्या घरी येणारे कोणी नाही. अखेरीस ती दोघे मिळून मरण जवळ करतात. ‘नटसम्राट’मध्ये जागा गेल्याने माणूस हरवतो, ‘संध्याछाया’मध्ये जागा असूनही वाट बंद झाल्याने. दोन्ही कृती शेजारी ठेवल्या म्हणजे कळते की, घर आणि वाट ह्यांपैकी एकाने वार्धक्य तगत नाही.

तमिळमध्ये ह्याच प्रश्नाचा तिसरा पर्याय बालू महेंद्र ह्यांच्या ‘संध्या रागम्’ (१९८९) ह्या चित्रपटाने मांडला. पत्नीच्या मृत्यूनंतर एक वृद्ध खेडे सोडून मद्रासला पुतण्याच्या घरी येतो. घर लहान आहे, मिळकत तुटपुंजी आहे, माणसे वाईट नाहीत. चोक्कलिंग भागवतर ह्यांनी साकारलेला हा वृद्ध शेवटी वृद्धाश्रमाची वाट धरतो. कुटुंबकल्याणविषयक सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार ह्या कृतीला मिळाला. मराठी नाटक आणि तमिळ चित्रपट ह्या दोहोंच्या शीर्षकांत ‘संध्या’ हा एकच संस्कृत शब्द यावा, हा योगायोग असेल. तरी भेद बोलका आहे. दळवींच्या कृतीत सायंकाळ छायेची आहे, महेंद्रांच्या कृतीत रागाची, म्हणजे सुरांची. ‘नटसम्राट’मध्ये कोणीतरी दोषी आहे, ‘संध्या रागम्’मध्ये दोषी शोधू गेल्यास दोन खोल्यांचे भाड्याचे घर एवढेच सापडते. अंबत्तूरसारख्या उपनगरातील वार्धक्य समजून घेण्यास हा तिसरा पर्याय अधिक जवळचा आहे.

५

अंबत्तूरच्या संदर्भात दोन मराठी आजींची कल्पना करता येईल. पहिली तंजावरी मराठी घराण्यातील. तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तंजावरी मराठी बोलली जाते. उंबऱ्याबाहेर ती तमिळ बोलते. तिरुत्तणीची गाडी कोणत्या फलाटावर लागते हे ती कोणालाही विचारू शकते. दुसरी सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीकडची. त्या दुष्काळी भागातील असंख्य कुटुंबे सोनेचांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या, व्यवसायानिमित्त भारतभर आणि विशेषतः दक्षिणेत पसरली आहेत. समजा, मुलगा चेन्नईत स्थिरावला आणि आईला त्याने अंबत्तूरच्या घरी आणले. मुलगा कर्तव्यदक्ष आहे, सून समंजस आहे, औषधे वेळेवर मिळतात. तरीही आजी कोपऱ्यावरच्या बसथांब्यापर्यंत एकटी जात नाही, कारण बसवरची पाटी तिला वाचता येत नाही आणि वाहकाशी तिला बोलता येत नाही. वर्षातून दोनदा, गावच्या जत्रेला आणि एखाद्या लग्नाला, कोणाच्या तरी सोबतीने ती सोलापूरपर्यंत गाडीने आणि पुढे बसने जाते. त्या दिवसांत तिचे गुडघे दुखत नाहीत, असे घरचे हसून सांगतील. ह्या हसण्यात जे दडले आहे ते वैद्यकाच्या कक्षेबाहेरचे आहे. भाषा हीदेखील एक पादत्राण आहे; ते नसेल तर सपाट रस्ताही चालवत नाही.

वृद्धांच्या प्रवासासाठी राज्यांनी गेल्या दशकात जी पावले उचलली, त्यांचे महत्त्व ह्या पार्श्वभूमीवर लक्षात येते. चेन्नईत फेब्रुवारी २०१६ पासून साठ वर्षांवरील नागरिकांना शहर बससाठी दरमहा दहा मोफत टोकने देण्याची योजना सुरू झाली. मे २०२१ पासून तमिळनाडूत साध्या शहर बसमधून स्त्रियांचा प्रवास मोफत झाला. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षांवरील सर्वांना एसटीचा प्रवास मोफत आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट अशी व्यवस्था झाली. उलट रेल्वेने साठ वर्षांवरील पुरुषांना चाळीस टक्के आणि अठ्ठावन्न वर्षांवरील स्त्रियांना पन्नास टक्के अशी जी सवलत दिली होती, ती २० मार्च २०२० पासून स्थगित केली. म्हणजे अंबत्तूरच्या आजीला देवळापर्यंतचा प्रवास सुकर झाला, तर गावापर्यंतचा महाग. शिवाय लांबचे तिकीट बहुधा मुलगा काढतो. तारीखही तोच ठरवितो. दहा टोकनांची किंमत रुपयांत अल्प असेल, परंतु ती आजीच्या स्वतःच्या बटव्यात असतात. घरात कोणाला न विचारता बाहेर पडण्याचा अधिकार त्यांत बांधलेला आहे.

कायद्याने दुसऱ्या बाजूने ह्याच प्रश्नाला हात घातला. मातापिता व ज्येष्ठ नागरिक ह्यांच्या निर्वाहासंबंधीच्या २००७ च्या अधिनियमातील तेविसाव्या कलमानुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत दिली असेल आणि ती अट पाळली गेली नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरविता येते. गणपतराव बेलवलकरांनी अशी अट घालून ठेवली असती तर त्यांना घर परत मिळाले असते. मात्र घरात परतल्यावर दार कोणी आपुलकीने उघडले असते की नाही, हे कलम सांगू शकत नाही. नाना-नानींना तर कायद्याचा काहीच उपयोग नव्हता. त्यांची तक्रार कोणाविरुद्ध नव्हतीच.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील व्यक्ती सुमारे १०.४ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होत्या. तमिळनाडूत हे प्रमाण १०.४ टक्के, महाराष्ट्रात ९.९ टक्के होते. मुंबईतील देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने २०१७-१८ मध्ये पंचेचाळीस वर्षांवरील सुमारे ७२ हजार व्यक्तींची पाहणी झाली. कोण कोणाबरोबर राहते, कोणाला कोणता आजार आहे, हे अशा पाहण्यांतून कळते आणि ते कळणे आवश्यकच आहे. परंतु ‘मुलाबरोबर राहतो’ ह्या एका नोंदीत विष्णुभटाचे वडील बसतात आणि नटसम्राटही बसतो. त्या दोघांमधील अंतर मोजण्याचे साधन साहित्याजवळ आहे.

६

अलीकडे राज्यसंस्थेने यात्राही स्वतःकडे घेतली आहे. तमिळनाडूच्या धर्मादाय खात्याने २०२३ मध्ये ज्येष्ठांसाठी रामेश्वर-काशी यात्रा काढली. महाराष्ट्राने २०२४ मध्ये साठ वर्षांवरील नागरिकांसाठी तीर्थदर्शन योजना जाहीर केली. राजकीय हेतूंची चर्चा बाजूला ठेवली तरी त्यातून एक जुनी मागणी व्यक्त होते : वृद्धाला मुलांच्या घरांखेरीज आणखी कोठेतरी जावयाचे असते. सरफोजीराजांच्या छत्रांमागे ही जाण होतीच. तेव्हा राज्याने वाटेवर ओसरी बांधली होती. आता ते तिकीट काढून देते. दोहोंत ओसरी अधिक दूरदर्शी होती, कारण कोणी केव्हा निघावे हे ती ठरवीत नव्हती.

ह्या विवेचनातून भारतीय साहित्यांच्या अभ्यासासाठी तीन प्रश्न हाती येतात. कोणत्याही भाषेतील वार्धक्यविषयक कृती वाचताना, वृद्धाच्या हालचालीचा निर्णय कोणाचा आहे, वाटेवर त्याला कोणाचा आधार आहे, आणि परतीची जागा कोणाच्या नावावर आहे, हे विचारावे. मग ‘मुले कृतघ्न झाली’ ह्या सोप्या निष्कर्षावर थांबता येणार नाही. विष्णुभटाच्या काळीही विधवा काशीला पाठविल्या जात होत्या, आणि आजही आईला दरवर्षी न चुकता गावच्या जत्रेला नेऊन आणणारे मुलगे आहेत. कृतज्ञता पिढीगणिक घटत-वाढत नाही. तिला वाट सापडते किंवा सापडत नाही.

अंबत्तूरच्या रुळांवरून तिरुत्तणीची लोकल जाते आणि मुंबईची गाडीही जाते. फलाटावर बसलेल्या वृद्धाकडे पाहून तो यात्रेला निघाला आहे की येरझारेला, हे ओळखता येत नाही. त्याच्या हातातील पिशवी दोन्ही वेळी सारखीच असते. तिकीट कोणी काढले आणि घराची किल्ली कोणाच्या कमरेला आहे, एवढे समजले म्हणजे मात्र त्याचे क्षेमकुशल पुष्कळसे समजते.